दोन क्रेडिटचा कम्युनिटी प्रोजेक्ट आणि चार पुडांचा डबा

प्रश्न थोडक्यात असा: मुंबईच्या उपनगरातल्या एका कॉलेजात दोन वर्षांपूर्वी लागलेल्या सरांच्या गळ्यात यंदा कम्युनिटी एंगेजमेंट प्रोजेक्ट पडलाय. दोन क्रेडिट, आर्ट्स-कॉमर्स-सायन्स-आयटी मिळून ६० पोरं, प्रिन्सिपल म्हणतात इंटरडिसिप्लिनरी दिसलं पाहिजे, आणि सरांना रॅली-पोस्टर-ग्रुप फोटो यापलीकडचं काहीतरी करायचंय. ग्रुप कसे पाडू, विषय कुठला घेऊ, मार्क कसे देऊ असं विचारलंय.

सर, मी बावीस वर्षं शिकवतेय, मूळची स्टॅटिस्टिक्सची, आणि त्यातली पंधरा-सोळा वर्षं हे वस्तीतले प्रोजेक्ट करतेय. स्टॅटिस्टिक्सवाली असल्यामुळे माझ्या सुरुवातीच्या सगळ्या चुका सर्व्हेच्या आहेत हे आधीच कबूल करते.

तुम्ही ग्रुपपासून सुरुवात करताय तिथेच गाडी चुकीच्या रुळावर जाते. आपल्याकडे काय होतं, प्रत्येक ग्रुपमध्ये एक सायन्सचा, एक कॉमर्सचा, एक आर्ट्सचा, एक आयटीचा पोरगा टाकायचा, विषय ठेवायचा ‘स्वच्छता’ किंवा ‘पाणी’, मग सायन्सवाला पाण्याचा पीएच काढतो, कॉमर्सवाली खर्चाचा पाय चार्ट करते, आर्ट्सवाली दोन मुलाखती घेते, आयटीवाला ॲपचं डिझाइन दाखवतो आणि शेवटच्या रात्री सगळं एका पीपीटीत चिकटवतात. हा चार पुडांचा डबा झाला. भाजी वेगळी, भात वेगळा, एकत्र येतं ते फक्त कडी लावताना. प्रश्न कॉलेजने ठरवला की कामाची नुसती वाटणी होते, प्रश्न वस्तीचा असला की पोरांना दुसऱ्याच्या विषयात हात घालावाच लागतो, कारण वस्तीतला प्रश्न काही डिपार्टमेंट बघून येत नाही.

एक किस्सा जरा सविस्तर सांगते, त्यातून बाकीचं आपोआप निघेल.

पूर्व उपनगरातली एक वस्ती, नाव घेत नाही. आम्ही गेलो ते पाण्याची शुद्धता हा विषय घेऊन. केमिस्ट्रीची पोरं सॅम्पलच्या बाटल्या घेऊन, माझ्या हातात २८ प्रश्नांचा फॉर्म, मला त्या फॉर्मचा फार अभिमान होता. तिसऱ्या घरातल्या मावशींनी फॉर्म हातात घेतला, उलटसुलट बघितला आणि म्हणाल्या, “हा मागच्या वर्षीपण भरलाय मी, वरचं नाव तेवढं बदललंय.” मग आत जाऊन एक प्लास्टिकची पिशवी आणली, त्यात रेशनकार्ड, फोटोपास (झोपडीधारकाचं सरकारी ओळखपत्र), लाइटबिलं, पाण्याच्या अर्जाच्या पोचपावत्या, सगळं नीट घडी घालून ठेवलेलं. आणि मग त्यांनी माझ्या सहा पोरांना विचारलं, तुमच्या घरी पाणी किती वाजता येतं आणि बिल किती येतं? सहापैकी चौघांना वेळ सांगता आली, बिल एकालाही सांगता आलं नाही. मलाही नाही, आमच्याकडे ते सोसायटीच्या मेंटेनन्समध्ये जातं.

मावशींचं म्हणणं साधं होतं. पाणी घाण नाहीये, पाणी पहाटे पावणेचारला येतं आणि गल्लीच्या शेवटच्या घरांपर्यंत पोचतच नाही, ते बघा की जरा. फॉर्म त्या दिवशी बॅगेत गेला तो गेला.

आता बघा पुढे काय झालं. पावणेचारला पाणी म्हणजे आमची पोरं तिथे पोचणार कशी, त्या वेळेला लोकलसुद्धा नसते. मग मोजमाप वस्तीतल्या लोकांनीच करायचं ठरलं. फिजिक्सच्या पोरींनी पद्धत सांगितली, २० लिटरची बादली, मोबाइलचं स्टॉपवॉच, किती सेकंदात भरते ते वहीत लिहायचं, बस. नववीतली एक मुलगी आणि दोन काकी, दोन आठवडे रोज. पहिल्या घराला बादली भरायला १ मिनिट १० सेकंद, शेवटच्या घराला साडेचार मिनिटं, आणि सगळं मिळून पाणी असतं ३५-४० मिनिटं. फिजिक्सचं डोकं लगेच म्हणालं, मधे गळती आहे. काकी म्हणाल्या, गळती कसली, पहिली आठ घरं मोटर लावतात. झालं, पोरांना व्हिलन सापडला. तेव्हा सोशिऑलॉजीची एक मुलगी होती, एरवी वर्गात तोंड न उघडणारी, तिने विचारलं, मोटर कोण लावतं ते बघितलं का, आणि का लावतं? निघालं असं की त्यातल्या पाच घरांत वर माळा काढून भाडेकरू ठेवलेत, म्हणजे एका नळावर दोन-तीन बिऱ्हाडं. म्हणजे पाण्याच्या प्रश्नाच्या आत भाड्याचा प्रश्न. इथे कॉमर्सवाले जागे झाले, त्यांनी शेवटच्या घरांचा खर्च काढला. ३५ लिटरचा कॅन २० रुपयांना, म्हणजे हजार लिटरला साधारण ५७० रुपये, आणि महापालिकेच्या घरगुती नळाचा मूळ दर हजार लिटरला एक आकडी रुपयांत. ऐंशी-शंभर पट! हा आकडा त्या दिवसापर्यंत माझ्या एकाही पोराला माहीत नव्हता, आणि तो कुठल्याच एका विषयाचा नव्हता, बादली फिजिक्सची, भाडं सोशिऑलॉजीचं, भाग-गुणाकार कॉमर्सचा.

पॉलिटिकल सायन्सच्या पोराने मग कागदपत्रं उपसली. महापालिकेच्या नियोजनात झोपडपट्टीला माणशी रोज ४५ लिटर आणि इमारतींना १३५ हे गणित त्याने आणलं. डिसेंबर २०१४ मध्ये पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई हायकोर्टाने सांगितलं होतं की घर बेकायदा असलं म्हणून माणसाला पाणी नाकारता येत नाही, पाणी हा घटनेच्या कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. आणि २०२२ मध्ये महापालिकेचं ‘सर्वांसाठी पाणी’ धोरण आलं. मराठीच्या पोरीने अर्ज लिहिला. त्यात ‘पाणीपुरवठा अनियमित आहे’ असलं मोघम वाक्य नव्हतं, कुठल्या गल्लीत, कितव्या घरापासून, किती वाजता, किती सेकंद, असं सगळं होतं. सर, या अर्जाला मी आजवरचं माझ्या कॉलेजातलं सगळ्यात चांगलं असाइनमेंट मानते, दीड पानाचं.

निकाल फार मोठा नाही लागला, उगाच फुगवून सांगत नाही. ग्रुप कनेक्शनचे, म्हणजे काही घरांना मिळून एक नळ, असे दोन अर्ज गेले, घरांच्या प्रत्येक ग्रुपला सेक्रेटरी निवडताना आठवडाभर भांडणं झाली, आमचीच कागदं दोनदा अपुरी निघाली, आणि एक कनेक्शन मंजूर व्हायला दीड वर्ष लागलं. तोवर ती बॅच पास होऊन गेली होती. म्हणून मी आता दरवर्षी नवी वस्ती शोधत नाही. एकच वस्ती किमान तीन वर्षं, आणि प्रत्येक बॅचने पुढच्या बॅचला फाईल द्यायची, त्यात कोणाशी काय बोलणं झालं, कुठला कागद कुठे अडकलाय, पाण्याचा व्हॉल्व्ह उघडणारा चावीवाला कोण, कोणाला आपला राग आलाय, सगळं. ही फाईल रिपोर्टपेक्षा महत्त्वाची.

याच प्रोजेक्टमधली अजून एक गोष्ट, जी मुंबईच्या कॉलेजांना खास लागू आहे. दुसऱ्या आठवड्यात वहीतलं अक्षर बदललं. काकींचं नव्हतं, नववीतल्या मुलीचंही नव्हतं. आमच्या ग्रुपमधल्या एकीने ओळखलं, अरे हे तर आपल्या अमुकचं अक्षर! बी.कॉम.चा पोरगा, त्या गल्लीत पहिल्या दिवशी एकदम गप्प होता, मला वाटलं बोअर झालाय. तो तिथून दोन गल्ल्या सोडून राहत होता, पहाटे उठून रीडिंग घेत होता आणि कोणाला सांगितलं नव्हतं. मला त्या दिवशी फार लाज वाटली कारण पहिल्या लेक्चरला मी मोठ्या तोंडाने ‘आपण त्यांच्यात जाऊन शिकणार आहोत’ वगैरे बोलले होते. ‘आपण’ कोण आणि ‘ते’ कोण? आपल्या वर्गात बसलेली निम्मी पोरं गोवंडी, मालवणी, दिवा, नालासोपारा इथूनच येतात ना. तेव्हापासून दोन गोष्टी करते. कोण कुठे राहतं हे वर्गात उघड विचारत नाही. आणि पहिलं असाइनमेंट सगळ्यांना स्वतःच्या घराचं देते: पाणी कधी येतं, किती येतं, पैसे कोण भरतं, कचरा कुठे जातो, लाइटबिल कोणाच्या नावावर. ते मी एकटी वाचते, वर्गात दाखवत नाही. पोरगं स्वतः म्हणालं आमच्याच चाळीत करू तर उत्तम, नाही म्हणालं तर विषय संपला.

तुम्ही लिहिलंय की हे सगळं नवीन आहे, एनईपीमुळे, म्हणजे नव्या राष्ट्रीय शिक्षण धोरणामुळे आलंय. क्रेडिटच्या खोक्यात नवीन आलंय, बाकी मुंबईला हे नवं नाही हो. नागपाडा नेबरहूड हाउस हे वस्तीतलं समाजकेंद्र चालवणाऱ्या क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या पुढाकाराने १९३६ मध्ये जी समाजकार्याची शाळा निघाली तीच आजची टिस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस), तिथे फील्डवर्क पहिल्यापासून शिक्षणाचा कणा आहे. १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या नई तालीमची मांडणी झाली, काम करता करता शिकणं. एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) १९६९ पासून आहे, वर्षाला १२० तास. पवईला आयआयटीत सितारा (CTARA, ग्रामीण भागासाठीच्या तंत्रज्ञानाचं केंद्र) १९८५ पासून आहे, तिथली पोरं गावात जाऊन राहतात आणि मग पाणी-ऊर्जेचे प्रश्न घेतात. बाहेरचं उदाहरण द्यायचं तर डेन्मार्कचं आल्बोर्ग विद्यापीठ १९७४ मध्ये निघालं तेच प्रोजेक्टवर, तिथे सेमिस्टरचा जवळपास अर्धा वेळ एका प्रोजेक्टला जातो. आणि आपल्याकडे दोन क्रेडिट, म्हणजे ६० तास, पंधरा आठवड्यांत आठवड्याला चार. त्यात हार्बर लाइनचा मेगाब्लॉक धरा. त्यामुळे सितारासारखं किंवा आल्बोर्गसारखं करायला जाऊ नका, ६० तासांत एक छोटा प्रश्न नीट होतो. एवढंच होतं, पण होतं.

वेळेवरून आठवलं, कॅलेंडर. एका कोळीवाड्यात आम्ही सप्टेंबरमध्ये गेलो होतो, सेमिस्टरच्या हिशोबाने सोयीचं म्हणून. पुरुष बोटीवर, बायका पहाटेपासून बाजारात, घरात म्हातारी माणसं आणि शाळकरी पोरं, तीन शनिवार फुकट गेले. मग एका आजोबांनीच सांगितलं, जूनमध्ये या की, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बोटी वर ओढलेल्या असतात, सगळे जाळी विणत बसलेले, बोलायला भरपूर वेळ. इतकं साधं! आता तिथला प्रोजेक्ट जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होतो, सेकंड-थर्ड इयरचीच पोरं घेते कारण फर्स्ट इयरच्या ॲडमिशनच चालू असतात, आणि नारळी पौर्णिमेच्या आत फील्डचं काम उरकतं.

तिथेही असंच झालं बरं का. आमचा प्रश्न होता समुद्रातलं प्लास्टिक, डोलीच्या जाळ्यात (प्रवाहात लावतात ते पिशवीसारखं जाळं) माशांबरोबर किती प्लास्टिक येतं ते तोलून बघायचं, बंदी उठल्यावर दोन-चार फेऱ्या तोलायच्या असं ठरवलं होतं. ऐकून एक काकी हसल्याच. वजन काय करता, पिशवीला वजन असतं का, ती निवडायला वेळ किती जातो ते मोजा, निवडणाऱ्या बायांना मजुरी लागते आणि तेवढ्यात बर्फ वितळतो. म्हणजे प्लास्टिक किलोत मोजायचं नसून तासांत आणि रुपयांत मोजायचं. झूऑलॉजीच्या मॅडमना हे पटायला दोन दिवस लागले, अकाउंटन्सीच्या सरांना दोन मिनिटं. दोघं पहिल्यांदाच एका टेबलावर बसून भांडले, आणि माझ्या मते आमच्या कॉलेजात इंटरडिसिप्लिनरी काही झालं असेल तर ते भांडण. पोरांनी एकत्र काम करावं असं आपण म्हणतो आणि आपण स्टाफरूममध्ये विषयानुसार टेबलं वाटून बसतो.

एक सावधगिरी मात्र नीट वाचा. वस्तीत मिळालेली प्रत्येक माहिती रिपोर्टात टाकायची नसते. एका वर्षी एका ग्रुपने फायनल प्रेझेंटेशनमध्ये मोटरींचे आणि जोडलेल्या पाइपांचे फोटो लावले, घरांचे नंबर स्पष्ट दिसतायत, आणि हॉलमध्ये बाहेरचे पाहुणे बसलेले. मी स्लाइड आधी बघितल्या नव्हत्या, चूक माझी. बातमी वस्तीत पोचली, पुढचे दोन महिने आम्हाला कोणी दारात उभं केलं नाही. आपल्या पोरांना दहा मार्क मिळणार म्हणून कोणाचा नळ तुटता कामा नये. तेव्हापासून नियम आहे की कॉलेजात दाखवायच्या आधी तेच प्रेझेंटेशन वस्तीत दाखवायचं, बालवाडीच्या खोलीत, मंडळाच्या ऑफिसात, जिथे जागा मिळेल तिथे, मराठीत किंवा हिंदीत, आणि लोक म्हणतील ते काढून टाकायचं. अमेरिकेतल्या शेरी आर्न्स्टीन यांनी १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती, तळाला नुसतं लोकांना वापरून घेणं आणि वर लोकांच्या हातात निर्णय. माझे सुरुवातीचे प्रोजेक्ट तळाच्या दोन पायऱ्यांवर होते, आत्ता मधेच कुठेतरी आहेत, वर कधी पोचेन माहीत नाही.

मार्कांचं. ५० मार्क असतील तर मी असं करते: १५ फील्ड डायरीला, १० ‘प्रश्न कसा बदलला’ या दोन पानांना, १० वस्तीतल्या प्रेझेंटेशनला, १५ एकट्याच्या तोंडी परीक्षेला. रिपोर्टच्या बाइंडिंगला शून्य. डायरी हाताने, जागेवर लिहिलेली, तारीख-वेळेसकट. चॅटजीपीटीची डायरी लगेच ओळखू येते, त्यात ‘रहिवाशांना अनेक समस्यांना सामोरे जावे लागते’ असतं, ‘४.१०ला पाणी गेलं, काकींचं एक पिंप रिकामंच राहिलं’ असं नसतं. दोन पानांत मी फक्त एवढंच बघते की पहिल्या आठवड्यात काय विचारत होतात आणि दहाव्या आठवड्यात काय विचारताय. प्रश्न तसाच राहिला असेल तर पोरं वस्तीत गेली पण ऐकून आली नाहीत. आणि तोंडी परीक्षेत प्रत्येकाला दुसऱ्याच्या विषयातलं विचारते, म्हणजे कॉमर्सवालीला विचारायचं बादलीचं मोजमाप तीनदा का घेतलं, फिजिक्सवाल्याला विचारायचं ५७० रुपये कसे आले. डब्याचे पूड वेगळे ठेवलेत का ते तिथेच कळतं.

६० पोरं आणि तुम्ही एकटे, यावर माझं मत ऐकून तुम्हाला बरं वाटणार नाही. बारा ग्रुप बारा ठिकाणी पाठवू नका, तुम्ही एकाही ठिकाणी नीट जाऊ शकणार नाही. एकच वस्ती, जमल्यास दोनच गल्ल्या, आणि एका वेळी वीसपेक्षा जास्त पोरं नेऊ नका, साठ जण गल्लीत शिरले तर लोकांना वाटतं तोडकाम आलं. तीन तुकड्या करा, एक फील्डवर, एक आकडे आणि कागदपत्रांवर, एक कॉलेजात चर्चेला, दर आठवड्याला फिरती. पहिले तीन आठवडे विषय जाहीरच करू नका, प्रिन्सिपलना विषयाच्या जागी ‘प्राथमिक भेटी’ लिहून द्या, चालतं. आत जायला तिथे आधीपासून काम करणारी संस्था किंवा बचत गट धरा, नुसता एखाद्या पक्षाचा कार्यकर्ता धरून गेलात तर पुढच्या निवडणुकीपर्यंत तुमच्यावर त्याचा शिक्का. पालकांचं संमतीपत्र घ्या, बरीच पोरं दुपारी एकनंतर नोकरीला जातात तेव्हा शनिवार सकाळ धरा, पावसात भरती कधी आहे ते बघून जा.

पोरांना सांगा पाण्याची बाटली घरून भरून आणा, वस्तीत पाणी मागायचं नाही, चहा दिला तर मात्र घ्यायचा. आणि मुलींसाठी टॉयलेट कुठे आहे ते पहिल्या भेटीच्या आधी स्वतः जाऊन बघून या. माझ्या पहिल्या वर्षी सगळ्या मुली साडेअकराला एकेक करून निघून गेल्या, मी चिडून त्यांची हजेरी कापली. खरं कारण मला संध्याकाळी एकीच्या आईने फोन करून सांगितलं.